रेटरिक अँड कंपोझिशनमध्ये अमेरिकेत पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी या विषयात अमेरिकेत पीएचडी केली आणि आता तिथेच पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवते. इथले प्रश्न लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून त्याबाबतीत शेवटचा शब्द विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा समजा.

१. हा विषय नक्की काय आहे? मराठीत याला काय म्हणायचं?

नेमका एक शब्द नाही. 'वक्तृत्वशास्त्र' म्हटलं की भाषणाची स्पर्धा डोळ्यांपुढे येते, 'अलंकारशास्त्र' म्हटलं की उपमा-उत्प्रेक्षा. दोन्ही अपुरे पडतात. रेटरिक म्हणजे कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी, काय पटवू पाहतो आणि ते कशाच्या बळावर पटतं याचा अभ्यास. तो ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे. रोमन परंपरेने त्याचे पाच भाग केले: काय म्हणायचं ते शोधणं, मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण. कंपोझिशन म्हणजे माणसं लिहितात कशी, लिहायला शिकतात कशी आणि त्यांना शिकवावं कसं, याचा अभ्यास. दोन्ही मिळून या क्षेत्रातले लोक 'रेट-कॉम्प' म्हणतात. अलीकडे बरेच विभाग 'रायटिंग स्टडीज' हे नावही वापरतात.

२. इंग्रजी साहित्यातल्या पीएचडीपेक्षा हे वेगळं कसं?

साहित्यात तुम्ही बहुधा छापून आलेलं, नावाजलेलं लेखन वाचता. इथे अजून घडत असलेलं लेखनही तितक्याच गांभीर्याने वाचलं जातं: विद्यार्थ्याचा कच्चा खर्डा, रुग्णालयातला फॉर्म, न्यायालयातला युक्तिवाद, आंदोलनातला फलक. सर्जनशील लेखनाची एमएफए ही तर आणखी वेगळी गोष्ट. तिथे तुम्ही स्वतः कथा-कविता लिहिता.

एक गोंधळ मात्र खरा आहे. रेटरिकची पीएचडी इंग्रजी विभागात मिळते तशी कम्युनिकेशन विभागातही मिळते. त्याचं मूळ १९१४ सालात आहे. त्या वर्षी भाषणकला शिकवणारे शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. आजही कम्युनिकेशनमध्ये भाषणं, राजकारण, माध्यमं यांच्यावर भर असतो, तर इंग्रजी विभागात लेखन आणि अध्यापनावर. अर्ज करताना विभाग कोणता आहे ते नीट पाहा.

३. सगळे कार्यक्रम अमेरिकेतच का दिसतात?

कारण पहिल्या वर्षाला सगळ्यांसाठी सक्तीचा लेखनाचा कोर्स ही मुळात अमेरिकी विद्यापीठांची रीत आहे. हार्वर्डमध्ये १८७४ पासून प्रवेशासाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा होऊ लागली, १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' हा कोर्स आला आणि पुढे तो नमुना देशभर पसरला. इतकी मुलं आली म्हणजे इतके शिक्षक आले. १९४९ मध्ये त्या शिक्षकांची परिषद स्थापन झाली, जिला सगळे 'फोर सीज' म्हणतात. पण पीएचडीचे स्वतंत्र कार्यक्रम खऱ्या अर्थाने उभे राहिले ते १९७० आणि ८० च्या दशकांत.

४. म्हणजे व्याकरणच शिकवायचं ना?

नाही, आणि हा गैरसमज मला सर्वांत जास्त बोचतो. १९६३ मध्ये ब्रॅडक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सुटं, नियमांचं व्याकरण शिकवून लेखन जवळजवळ सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ल्याने नुकसानही होऊ शकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार बोलत लिहायला लावलं आणि पाठ्यपुस्तकात सांगितलेल्या सरळ क्रमाने कोणी लिहीत नाही हे दाखवलं.

आणि मग मीना शॉनेसी. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेश खुले केले. ज्यांना कधी कोणी नीट लिहायला शिकवलंच नव्हतं अशी हजारो मुलं वर्गात आली. 'यांना शिकवणं शक्य नाही' असं बरेच जण म्हणत होते. तिथे शिकवणाऱ्या शॉनेसींनी अशा मुलांचे सुमारे ४,००० निबंध वाचले आणि सांगितलं की या चुका वाटेल तशा पडलेल्या नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे.

हे मला वाचून पटलं होतं, पण समजलं ते एका निबंधावरून. माझ्या एका विद्यार्थिनीने वडिलांच्या ट्रकदुरुस्तीबद्दल लिहिलं होतं. पहिल्या पानावर काळाच्या अकरा चुका होत्या. सवयीने मी सगळ्यांखाली रेघ ओढली. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की अकराही चुका एकाच प्रकारच्या वाक्यांत आहेत: जिथे जिथे वडील काय म्हणाले ते ती सांगते, तिथे तिथे. बाकी सगळं बिनचूक. तिला अकरा गोष्टी शिकवायच्या नव्हत्याच, एकच होती. आणि त्याच पानावर तिचा खरा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदाच्या मधोमध दडला होता: वडील इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखतात, पण त्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हणत नाही. मी रेघा खोडल्या आणि समासात लिहिलं, 'इथून सुरुवात करून पाहा.' या कामात जीव रमणार असेल तर ही पदवी तुमच्यासाठी आहे. नुसतं सिद्धान्त वाचण्यात रमणार असाल तर साहित्य किंवा तत्त्वज्ञानाकडे वळा, हे मी मनापासून सांगते.

५. माझी मातृभाषा इंग्रजी नाही. अमेरिकन मुलांना इंग्रजी लेखन मी कुठल्या तोंडाने शिकवू?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस विचारतो, आणि मीही पहिल्या दिवशी हाच धसका घेऊन वर्गात गेले होते. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, 'हे वाक्य चूक का आहे? मला तर बरोबर वाटतं.' ज्यांची ती जन्मभाषा होती ते सहकारी अशा वेळी 'कानाला खटकतं' म्हणून मोकळे व्हायचे. मला कारण सांगता आलं, कारण ती भाषा मी डोळसपणे शिकले होते. एका भाषेतली मांडणी दुसऱ्या भाषेत नेताना काय गळतं, काय जास्तीचं चिकटतं, हे आपण रोज अनुभवतो. याच क्षेत्रात त्याला किंमत आहे. १९७४ मध्येच 'फोर सीज'ने विद्यार्थ्यांना आपापल्या बोलीचा हक्क आहे असा ठराव मान्य केला. दुसऱ्या भाषेतलं लेखन ही तर आता या विषयाची मोठी शाखा आहे.

अडचण येत नाही असं नाही. सत्राअखेरच्या अभिप्रायात उच्चारांबद्दल एखादी बोचरी ओळ येते. माझ्याही वाट्याला आली. अशा ओळी एकट्याने वाचू नका. मार्गदर्शकाबरोबर बसून वाचा, म्हणजे काम सुधारणारा अभिप्राय कोणता आणि नुसता पूर्वग्रह कोणता हे वेगळं करता येतं.

६. माझं एमए मराठीत (किंवा पत्रकारितेत, किंवा थेट इंजिनिअरिंग) झालं आहे. चालेल का?

बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं, पण ते इंग्रजीतच हवं असं प्रत्येक विभाग म्हणत नाही. भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, पत्रकारिता, तांत्रिक लेखन यांतून आलेले लोक मी पाहिले आहेत. मेख दुसरीकडे आहे. वर्ग स्वतंत्रपणे शिकवायचा तर त्या विषयातले १८ पदव्युत्तर क्रेडिट हवेत, असा दंडक अमेरिकेच्या अनेक भागांत पाळला जातो. तुमच्या गाठीशी ते नसतील तर पहिलं वर्ष तुम्हाला लेखन केंद्रात (जिथे विद्यार्थी आपले खर्डे घेऊन मदतीला येतात) किंवा सहायक म्हणून काम देतात. विभागाच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरला अर्जाआधीच दोन ओळींची मेल टाकून विचारा.

७. माझी पदवी तीन वर्षांची आहे. अडेल का?

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एमए मिळून पाच वर्षं होतात, त्यामुळे सहसा अडत नाही. फक्त तीन वर्षांच्या पदवीवर थेट जायचं असेल तर अनेक ठिकाणी अडतं.

८. विद्यापीठं कशी निवडायची? रँकिंग कुठे बघू?

विद्यापीठाच्या एकूण रँकिंगचा इथे फारसा उपयोग नाही. या विषयात वजन असलेली बरीच नावं सरकारी विद्यापीठांची आहेत: पर्ड्यू, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, पेन स्टेट, ॲरिझोना. खासगींत कार्नेगी मेलन आणि सिरॅक्यूज. रेटरिक अँड कंपोझिशनच्या डॉक्टरेट कार्यक्रमांचा एक कन्सॉर्शियम, म्हणजे संघही आहे, त्याच्या सदस्यांची यादी ही चांगली सुरुवात.

मी तीन गोष्टी बघायला सांगते. तुमच्या विषयावर काम करणारे किमान दोन प्राध्यापक तिथे आहेत का (दोनच का, ते प्रश्न १७ मध्ये). गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत. आणि दर सत्राला किती वर्ग शिकवावे लागतात. एक वर्ग असलेल्या ठिकाणी आणि दोन वर्ग असलेल्या ठिकाणी आयुष्य अगदी निराळं असतं. साधा हिशेब करा: एका वर्गात २२ मुलं, चार निबंध, प्रत्येकाचा खर्डा आणि अंतिम प्रत, म्हणजे १७६ वाचनं. प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तरी ४४ तास, तेही फक्त वाचायला. वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत आणि शक्यतो १५ असावीत, अशी 'फोर सीज'ची भूमिका आहे, पण सगळी विद्यापीठं ती पाळत नाहीत.

९. अर्जात कशाला सर्वांत जास्त महत्त्व?

उद्देशपत्राला आणि लेखनाच्या नमुन्याला. बाकी गुणपत्रकं, तीन शिफारसपत्रं आणि सीव्ही लागतातच. मुदती साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात.

पहिल्या वर्षी मला सगळीकडून नकार आला. ते उद्देशपत्र आज वाचवत नाही: 'लहानपणापासून मला वाचनाची आवड' इथून सुरुवात आणि शेवटी विद्यापीठाची स्तुती. दुसऱ्या वर्षी मी एकच प्रश्न मांडला. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी निबंधात आपला मुद्दा शेवटी का ठेवतात, आणि ती खरंच उणीव आहे की वाचकाशी वागण्याची वेगळी तऱ्हा? तोच प्रश्न पुढे बदलत बदलत प्रबंध झाला. प्रवेश समितीला तुमची आवड कळून उपयोग नसतो, तुम्हाला पडलेला प्रश्न कळावा लागतो. नमुना सहसा १५ ते २५ पानांचा मागतात. साहित्यसमीक्षेचा चालतो, पण त्यात युक्तिवाद तुमचा दिसू द्या. नुसते उतारे जोडलेले नकोत.

१०. जीआरई आणि टोफेल लागतात का?

जीआरई बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. टोफेल किंवा आयईएल्ट्समधून इंग्रजी माध्यमाच्या पदवीवर सूट मिळू शकते, पण इथे एक पोटनियम लोकांच्या नजरेतून सुटतो. प्रवेशासाठी सूट मिळाली तरी शिकवण्यासाठी बोलण्याच्या भागात ठरावीक गुण किंवा विद्यापीठाची वेगळी तोंडी परीक्षा लागू शकते. ती राहिली तर असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या बदल्यात मिळणारी फीमाफी आणि मानधन, लटकते.

११. खर्च किती? शिष्यवृत्ती मिळते का?

स्वतःच्या पैशांनी ही पीएचडी करू नका. टीचिंग असिस्टंटशिप मिळाली की शिक्षणशुल्क माफ होतं आणि मानधन मिळतं. मानधन ठिकाणागणिक खूप बदलतं: काही ठिकाणी वर्षाला २० हजार डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी ३० हजारांच्या पुढे. होकाराच्या पत्रातला आकडा बघून हुरळून जाऊ नका. तो नऊ महिन्यांचा आहे की बारा, विद्यापीठाची इतर 'फी'ही माफ आहे की फक्त 'ट्युइशन' (शिक्षणशुल्क), आरोग्यविम्यातला तुमचा वाटा किती आणि उन्हाळ्यात वर्ग मिळण्याची हमी आहे का, हे चार प्रश्न लेखी विचारा. मी पहिला उन्हाळा साठवलेल्या पैशांवर काढला, कारण यातलं काहीच विचारलं नव्हतं. व्हिसाआधी सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीचे) ३५० डॉलरही खिशातून जातात.

कराबद्दल दोन उपयोगी गोष्टी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याच्या सरकारी योजना) यांची पगारातली कपात लागू नसते. आणि भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला 'स्टँडर्ड डिडक्शन', म्हणजे करपात्र उत्पन्नातून सरसकट वजावट, घेता येतं. बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. त्यामुळे सोबतच्या चिनी किंवा कोरियन मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.

१२. दोन-तीन ठिकाणांहून होकार आला. लगेच उत्तर मागत आहेत. काय करू?

आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा आहे. ग्रॅज्युएट शाळांच्या परिषदेचा तसा ठराव आहे आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी तो मान्य केला आहे. नम्रपणे त्या तारखेची आठवण करून द्या. पण जिथे जायचं नाही हे ठरलं आहे तिथे लगेच कळवा. तुमच्या एका मेलने प्रतीक्षायादीतल्या कोणाचं तरी वर्ष वाचतं.

१३. किती वर्षं लागतात?

मास्टर्सनंतर चार ते सहा. पहिली दोन कोर्सवर्कची. त्यात पहिल्याच वर्षी लेखन कसं शिकवायचं याचा प्रॅक्टिकम असतो. मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, प्रबंधाचा आराखडा, संशोधन, लेखन आणि शेवटी डिफेन्स, म्हणजे समितीपुढे प्रबंधाची तोंडी परीक्षा. सगळं झालं, फक्त प्रबंध राहिला, अशा अवस्थेला 'एबीडी' म्हणतात आणि लोक अडकतात ते इथेच. मानधनाची हमी किती वर्षांची आहे ते बघून मागून पुढे वेळापत्रक आखा. काही विभाग परकीय भाषा वाचता येण्याची अटही घालतात. संशोधनाशी संबंध दाखवता आला तर तिथे मराठी पुढे करून बघा. आधी विचारायला मात्र विसरू नका.

१४. मराठी किंवा भारतीय विषयावर प्रबंध करता येतो का?

येतो. तौलनिक रेटरिक हे या क्षेत्रातलं रुजलेलं काम आहे. न्यायसूत्रांतलं पंचावयव वाक्य (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) ॲरिस्टॉटलच्या युक्तिवादाशेजारी ठेवून अभ्यास झालेले आहेत. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग, सत्यशोधकांची भाषा, आंबेडकरांचे युक्तिवाद यांतही वर्षानुवर्षं पुरेल इतकं काम आहे. पण एक सावधगिरी बाळगा. नोकरी अमेरिकेतच हवी असेल तर प्रबंधाचा धागा लेखन-अध्यापनापर्यंत आणून ठेवा, कारण जाहिराती बहुधा त्याच मागतात.

१५. माझ्याच वर्गातल्या मुलांचे निबंध संशोधनात वापरू शकते का?

वापरू शकता, पण आधी आयआरबीची, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन-नीतिमत्ता मंडळाची मंजुरी घ्या. निबंध गोळा केल्यावर मागाहून परवानगी सहसा मिळत नाही. आपलेच विद्यार्थी असल्याने 'नाही म्हटलं तर गुण कापतील' ही भीती त्यांच्या मनात असते. म्हणून रूढ पद्धत अशी: तुम्ही वर्गाबाहेर थांबायचं, दुसऱ्या कोणी संमतिपत्रं गोळा करायची आणि अंतिम श्रेणी जाहीर होईपर्यंत लिफाफा बंद ठेवायचा. कोणी हो म्हटलं हे तुम्हाला तोवर कळताच कामा नये. आणि संशोधन नसलं तरी १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणाऱ्या कायद्यामुळे नावासकट निबंध मित्राला फोटो काढून पाठवणं नियमात बसत नाही.

१६. ऑनलाइन करता येईल का? आणि कॅम्पसवर असताना बाहेर नोकरी?

टेक्सस टेकसारख्या थोड्या ठिकाणी ऑनलाइन वाट आहे आणि नोकरी करणाऱ्यांसाठी ती चांगली आहे. पण पूर्ण ऑनलाइन कार्यक्रमावर एफ-१ व्हिसा मिळत नाही, आणि अशा वेळी असिस्टंटशिपही सहसा नसते.

कॅम्पसवर असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पूर्ण असिस्टंटशिप हीच बहुधा २० तासांची धरतात. म्हणजे ग्रंथालयातलं पाच तासांचं कामही नियमाबाहेर जातं. परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम तर अजिबात नको, घरून केलेलं भाषांतराचं सशुल्क काम धरून. जोडीदार एफ-२ या आश्रित व्हिसावर आला असेल तर त्याला किंवा तिला नोकरी करता येत नाही. हे घरात आधीच बोलून घ्या.

१७. मार्गदर्शकच विद्यापीठ सोडून गेले तर?

माझ्या बाबतीत हे घडलं, आराखडा मंजूर झाल्यावर दोन महिन्यांनी. त्या दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. विभागाने 'आम्ही कळवतो' म्हणून सांगितलं आणि पूर्ण सत्र काहीच कळवलं नाही. मला वाचवलं ते प्रबंध समितीतल्या दुसऱ्या प्राध्यापिकेने, कारण माझी प्रकरणं त्या आधीपासून वाचत होत्या. गेलेल्या मार्गदर्शक बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या सदस्य म्हणून राहू शकतात, पण अध्यक्षपद आतल्या कोणाकडे द्यावं लागतं. त्यांच्या मागे विद्यापीठ बदलायचं ठरवलंत तर क्रेडिट, परीक्षा आणि मानधन पुन्हा पहिल्यापासून ठरतात आणि सेव्हिस नोंदही हलवावी लागते.

१८. पुढे नोकरी? ओपीटी किती मिळतो?

साहित्याच्या पीएचडीपेक्षा वाटा जास्त आहेत: टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारं प्राध्यापकपद), लेक्चररशिप, लेखन केंद्राचं संचालन, पहिल्या वर्षाच्या लेखन कार्यक्रमाचं प्रशासन, शिवाय तांत्रिक लेखन आणि यूएक्स (ॲप-संकेतस्थळं वापरणाऱ्यांचा अनुभव घडवण्याचं काम) यांसारख्या नोकऱ्या. पण टेन्युअर ट्रॅकची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका. कंत्राटी शिक्षकांची अवस्था हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. १९८७ मध्ये वायोमिंग ठरावाच्या रूपाने त्याला वाचा फुटली, पण ते मिटलेलं नाही.

ओपीटी, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांचा. स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना मिळणारे) जादा २४ महिने मिळत नाहीत, कारण इंग्रजी आणि लेखनाचे वर्गीकरण-संकेतांक, म्हणजे २३ ने सुरू होणारे सीआयपी कोड, त्या यादीत नाहीत. अपवाद असा की एखादा तांत्रिक किंवा डिजिटल संप्रेषणाचा कार्यक्रम वेगळ्या संकेतांकाखाली नोंदलेला असू शकतो. आय-२० वरचा, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदावरचा, संकेतांक प्रत्यक्ष बघा. विद्यापीठात नोकरी मिळाली तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा, म्हणजेच लॉटरी, आडवी येत नाही.

१९. एआय लिहितंय सगळं. आता ही पदवी घेऊन उपयोग काय?

हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक मेलमध्ये येतो. लेखन म्हणजे फक्त तयार मजकूर असता तर शंका रास्त होती. प्रश्न ४ मधली ती विद्यार्थिनी आठवा. निबंध यंत्राने लिहिला असता तर चुका झाल्या नसत्या, आणि वडिलांच्या ज्ञानाबद्दलचं ते वाक्यही तिला सापडलं नसतं. लिहिताना माणसाचं काय होतं हाच या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे विद्यापीठं आज हा प्रश्न घेऊन याच विभागांकडे येत आहेत. एमएलए (भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना) आणि 'फोर सीज'च्या संयुक्त कृतिगटाने जुलै २०२३ मध्येच पहिलं कार्यपत्र काढलं. वर्गात मी आता अंतिम प्रतीपेक्षा खर्ड्यांना जास्त गुण देते आणि प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं समोर बसून बोलते: हे वाक्य इथे का ठेवलंस, आणि आधी कुठे होतं?